यादीतून नाव काढताना

पतसंस्थेचं सभासद व्हायचं तर अर्ज भरावा लागतो, शेअरचे पैसे भरावे लागतात, संचालक मंडळाच्या सभेत ठराव व्हावा लागतो. नाव कमी व्हायला मात्र माणूस गेला की झालं, असं बाहेरून वाटतं. तसं नसतं. माणूस जातो, मृत्यूचा दाखला घरच्या कपाटात पडून राहतो, वारस सवडीने येतात, रजिस्टरात नावापुढे लाल शाईने 'मयत' असा शेरा पडतो आणि संगणकातल्या यादीत तो शेरा कधी चढतो, कधी राहून जातो. निवडणूक लागली की मग सगळ्यांना यादी आठवते. प्रारूप मतदार यादी लावायची, हरकती घ्यायच्या, त्यांचा निकाल द्यायचा, अंतिम यादी करायची, आणि हे सगळं ठरलेल्या तारखांच्या आत. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडमना बोलवा."

ती मॅडम म्हणजे मी. सातारा जिल्ह्यातल्या पतसंस्था, वाचनालयं, गृहनिर्माण सोसायट्या यांची अशी कामं मी करते. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना काहीतरी नवं बनवणं वाटतं. माझं निम्मं काम याद्या गाळण्याचं असतं. कोण गेलं, कुणी राजीनामा दिला, कुणाचं नाव दोनदा पडलं. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल काढायची आणि पायथॉनमध्ये वाचायची.

पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅमस्टरडॅममध्ये लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती बाहेर आली. आज शाळकरी मुलंही ती शिकतात, कारण तिच्या ओळी वाचल्या की अर्थ कळल्यासारखा वाटतो. या 'कळल्यासारखा' मध्येच गोम आहे, आणि लिस्टमधून काही काढायची वेळ आली की ती हमखास बाहेर येते.

एका पतसंस्थेत मला आयती स्क्रिप्ट मिळाली होती. ती लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, स्क्रिप्ट मात्र संस्थेच्या संगणकावर इमानेइतबारे चालत होती. तिचा गाभा मराठीत सांगायचा तर एवढाच: यादीतला एकेक सभासद घे, त्याची स्थिती 'मयत' असेल तर यादीतून त्याला रिमूव्ह कर. वाचून कुणीही मान डोलावेल. संस्थेने गेल्या निवडणुकीची यादी याच स्क्रिप्टने गाळली होती आणि तेव्हा कुणाची तक्रार आली नव्हती.

या खेपेला प्रारूप यादीची प्रत छापून टेबलावर ठेवली होती. शिपाईमामा ती बोर्डावर लावायला घेऊन निघाले आणि दारातच थांबून चाळायला लागले. गावातलं प्रत्येक घर त्यांना ठाऊक.

"मॅडम, ह्या आज्जी तर मागल्या पावसाळ्यात वारल्या की. तेराव्याला जेवून आलोय मी."

सचिवांनी चष्मा लावला, एक्सेल उघडलं. तिथे आजींच्या नावापुढे 'मयत' स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे नोंद बरोबर होती आणि गाळणीतून आजी तशाच खाली आल्या होत्या. मग मामांनी खुर्ची ओढली आणि पान पान बघत आणखी नावं काढली. कुठे एक काकू, कुठे एक धाकटा भाऊ. सचिवांचं म्हणणं पडलं की संगणकात व्हायरस शिरला असणार. आमच्याकडे कुठल्याही बिघाडाचा हा पहिला संशयित.

मी राहून गेलेल्या प्रत्येक नावाच्या वरची ओळ मूळ एक्सेलमध्ये पाहिली. वरचा माणूसही मयत होता, आणि तो यादीतून बरोबर गेलेला होता. नवरा गेलेला, बायको राहिलेली. थोरला गेलेला, धाकटा राहिलेला. एका घरात लागोपाठ तिघांची नावं मयत होती. तिथे पहिलं आणि तिसरं गेलं होतं, मधलं राहिलं होतं. इतकी शिस्त व्हायरसला नसते.

समजा लिस्टमध्ये चार नोंदी आहेत: मुलगा, आजोबा, आजी, सून. पायथॉन मोजायला शून्यापासून लागतं, म्हणून मुलगा ० वर, आजोबा १ वर, आजी २ वर, सून ३ वर. फॉर लूप चालतो तेव्हा आपल्याला वाटतं की तो माणसं धरून पुढे जातोय. प्रत्यक्षात लिस्टवर चालणाऱ्या लूपकडे आत एक आकडा असतो, आपण कितव्या जागेवर आहोत एवढाच. ० वर मुलगा भेटतो, चालू सभासद, त्याला सोडून लूप पुढे जातो. १ वर आजोबा, मयत, रिमूव्ह. आजोबा निघताच लिस्ट ती जागा रिकामी ठेवत नाही. मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. आता आजी १ वर आल्या आणि सून २ वर. लूपचा आकडा मात्र १ वरून २ वर गेला. तिथे सून भेटली. ३ वर कुणीच नाही, लूप संपला. आजींना कुणी विचारलंच नाही.

पंगतीत वाढपी जिलबी वाढत पुढे सरकतोय, मधलाच एक जण ताटावरून उठला आणि त्याच्या पुढचे सगळे एकेक पाट सरकून बसले, की वाढप्याचं पाऊल पुढच्या पाटावर पडतं आणि सरकून आलेला तसाच राहतो. वाढपी निदान माणूस असतो, "अहो, इकडे" म्हटलं की मागे वळतो. आजींच्या नोंदीला हाक मारता येत नाही.

मग गेल्या निवडणुकीत हे का झालं नाही? तेव्हाची यादी सभासद क्रमांकाने लावलेली होती. नवरा-बायको वेगवेगळ्या वर्षी सभासद झालेले, त्यामुळे त्यांची नावं एकमेकांपासून लांब. दोन मयत लागोपाठ येण्याचा योग क्वचितच. या वेळी सचिवांनी हौसेने यादी घरनिहाय लावून दिली, एका घरातली नावं एकाखाली एक, म्हणजे मतदाराला आपलं नाव शोधायला सोपं. स्क्रिप्ट तीच, दोष तोच, फक्त नोंदींचा क्रम बदलला आणि तो उघडा पडला. गेल्या यादीतही एखादं नाव असंच राहिलं असेल. मृत माणूस मत द्यायला येत नाही, म्हणून कुणाला कळलं नसेल.

याच ठिकाणी माझी पायथॉनवर एक तक्रार आहे. डिक्शनरी किंवा सेट यांच्यावर लूप चालू असताना तुम्ही त्यातलं काही काढलंत, तर पायथॉन पुढच्याच पावलाला ओरडतं: रनटाइमएरर, फिरत असताना डिक्शनरीचा आकार बदलला. स्क्रिप्ट थांबते, माणूस जागा होतो. लिस्टच्या बाबतीत मात्र ते गप्प राहतं. नियम म्हणून बघितलं तर लिस्टचं वागणं ठरलेलं आहे आणि पायथॉनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही सांगितलेलं आहे, की एखाद्या संग्रहावर फिरता फिरता तोच बदलणं अवघड जातं, त्यापेक्षा प्रतीवर फिरा किंवा नवा संग्रह बनवा. पण मार्गदर्शिका किती जण वाचतात? चूक दिसू न देणारी सोय मला सोय वाटत नाही.

दुरुस्तीचे तीन रस्ते सर्वज्ञात आहेत. पहिला, लिस्टची प्रत करून प्रतीवर फिरायचं आणि काढायचं मूळ लिस्टमधून. नावापुढे चौकटी कंसात नुसता कोलन (:) टाकला की प्रत मिळते, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टला हे ठिगळ एका खुणेत लागतं. दुसरा, शेवटून सुरुवात करायची आणि जागेच्या क्रमांकाने डेल करत, म्हणजे ती नोंद पुसत, पुढे यायचं. शेवटचा निघाला तरी आधीच्यांच्या जागा हलत नाहीत, त्यामुळे कुणी सुटत नाही. तिसरा, काही काढायचंच नाही. जे ठेवायचे आहेत त्यांची नवी लिस्ट करायची: सभासद घे, प्रत्येक सभासद यादीतला, जर मयत नसेल तर. एका ओळीत मावणारी ही लिस्ट कॉम्प्रिहेन्शन २००० साली पायथॉन २.० मध्ये आली. तिच्याआधीपासून असलेलं फिल्टर हेच काम करतं. फक्त पायथॉन ३ मध्ये फिल्टर थेट लिस्ट देत नाही, मागाल तसं एकेक देतं, हे नवख्याला माहीत नसतं आणि तो त्याची लांबी विचारायला जाऊन आपटतो.

मी तिसऱ्या रस्त्याची आहे, आणि त्यात आवडीनिवडीचा भाग कमी आहे. रिमूव्ह काय करतं ते बघा. तुम्ही एक नोंद देता, ते लिस्टच्या पहिल्या घरापासून तुलना करत येतं. सापडली की ती काढतं आणि मागच्या सगळ्या नोंदी एकेक घर पुढे सरकवतं. म्हणजे सापडेपर्यंत तुलना आणि सापडल्यावर सरकासरकी, मिळून पूर्ण लिस्टला हात लागतो. आमच्या पतसंस्थेच्या काही हजार सभासदांत हे जाणवतही नाही, तिथे ठिगळ चालतं. पण १ लाखाच्या लिस्टमधून ५० हजार नोंदी अशा काढायच्या झाल्या, तर दर वेळी सरासरी ७५ हजार घरांना हात, म्हणजे एकूण ३७५ कोटी वेळा. नवी लिस्ट करताना प्रत्येक नोंद एकदा बघितली जाते: १ लाख. सरकवण्याचं काम संगणक फार झपाट्याने करतो हे खरं. तुलनांना मात्र वेळ लागतो, आणि त्या सरकवण्यापूर्वी कराव्याच लागतात.

वेळेपेक्षाही मला रिमूव्हची दुसरी सवय जास्त खटकते. ते 'हाच माणूस' शोधत नाही, 'याच्याशी जुळणारा पहिला' शोधतं. गावात एका नावाची चार माणसं सहज असतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असली की वडिलांचं नावही एखाद्या वेळी जुळून जातं. नुसत्या नावांची लिस्ट असेल आणि तुम्ही नाव देऊन काढलंत, तर जो आधी सापडेल तो जाईल. मयत आजोबा राहतील आणि धडधाकट नातू मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडत उभा राहील. म्हणून नावाने काही काढायचं नाही, सभासद क्रमांकाने काढायचं. हे मी संस्थांच्या सचिवांनाही सांगते, पायथॉनचं नावही न घेता.

क्रमांकाचीही स्वतःची गंमत असते. रजिस्टरात ००१२ लिहिलेलं असतं, एक्सेल त्याला आकडा समजून पुढची शून्यं खातं आणि १२ करतं. पायथॉनला मजकुरातला १२ आणि आकडा १२ हे दोन वेगळे वाटतात. मजकूर देऊन आकडा काढायला गेलात तर व्हॅल्यूएरर येतो, ही नोंद लिस्टमध्ये नाहीच. वर आमच्याकडचे क्लार्क निम्मे क्रमांक देवनागरी अंकांत टाइप करतात आणि निम्मे इंग्रजी अंकांत, जसा कीबोर्ड त्या क्षणी असेल तसा. इथे पायथॉनने मला सुखद धक्का दिला होता. देवनागरी अंकांत लिहिलेला १२ त्याच्या इंट या फंक्शनला दिला, तर ते कुरकुर न करता आकडा १२ देतं. जगातल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक ते ओळखतं. त्यामुळे यादी वाचताक्षणी सगळे क्रमांक इंटमधून काढून घ्यायचे, मग पुढचं. फाइल उघडली की माझं पहिलं काम हेच.

नावांच्या बाबतीत मात्र असा आयता इलाज नाही, आणि मराठी याद्यांवर काम करणाऱ्याने हे एकदा तरी जवळून बघितलं पाहिजे. दुसऱ्या एका संस्थेच्या गावांच्या लिस्टमधून 'कऱ्हाड' वेगळं काढायचं होतं. रिमूव्ह म्हणे, असं गाव लिस्टमध्ये नाही. पडद्यावर तर डोळ्यांसमोर कऱ्हाड दिसत होतं. ऑफिसातल्या नव्या मुलाने ते दोन्हीकडून तपासलं, वेलांटी-काना सगळं, आणि म्हणाला, "ताई, ह्याला दिसत नाही की मला जास्त दिसतंय?"

दोन्ही शब्दांची लांबी विचारली. एक म्हणाला ६, दुसरा ७.

आपण जो आडवा र लिहितो, कऱ्हाडातला, शेतकऱ्यातला, गोऱ्ह्यातला, तो युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे अख्खं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायचा: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, झाले ६. दोन, साधा र घेऊन खाली नुक्ता द्यायचा आणि मग हलन्त: ७. तीन, साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह: हेही ७. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. कुठला कीबोर्ड, कुठला फॉन्ट बदलणारा प्रोग्राम यातून मजकूर आला यावर कोणता प्रकार मिळेल ते ठरतं. पायथॉन तुलना करताना आकार बघत नाही, आत साठवलेले संकेतांक बघतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही तीन वेगळी गावं.

पहिल्या दोन प्रकारांवर उपाय पायथॉनसोबतच येतो. युनिकोडडेटा नावाच्या मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. त्यातल्या एनएफसी प्रकाराने र आणि नुक्ता मिळून अख्खा 'ऱ' होतो. तिसऱ्याला ते हात लावत नाही. ते जोडचिन्ह आपणच शोधून बदलावं लागतं: र, हलन्त, जोडचिन्ह अशी तिकडी दिसली की त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचा. नावाच्या मागेपुढे लागलेल्या मोकळ्या जागा स्ट्रिपने जातात, पण हे जोडचिन्ह स्ट्रिपच्या लेखी मोकळी जागा नाही, त्यामुळे नावाच्या टोकाला चिकटलेलं असलं तरी तिथेच राहतं. मराठी नावांची कुठलीही लिस्ट गाळण्यापूर्वी हे सगळं धुऊन घ्यावं लागतं. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात हे कशाला येईल? ते आपणच एकमेकांना सांगायचं.

त्या नव्या मुलाकडे परत येते. हुशार पोरगा आहे, पण पहिल्या आठवड्यात त्याने लिस्टच नाहीशी केली. यादी बरोबर यादी डॉट रिमूव्ह, अशी ओळ लिहिली. रिमूव्ह काम करतं पण हातात काही देत नाही. त्याचं उत्तर 'नन', म्हणजे काहीच नाही. ते 'काहीच नाही' त्याने यादी या नावाला चिकटवलं, आणि पुढच्या ओळीला यादी रिकामीसुद्धा राहिली नव्हती. पॉपचं तसं नाही. पॉप काढतं आणि काढलेलं हातात देतं. क्रमांक सांगितला तर त्या जागेचं, नाही सांगितला तर शेवटचं. रिकाम्या लिस्टवर पॉप केलं तर इंडेक्सएरर येतो, जे रास्त आहे. डेल काढतं, परत देत नाही, पण एका फटक्यात सलग तुकडा किंवा एक सोडून एक अशा नोंदीही उडवू शकतं. नुसतं 'डेल यादी' म्हटलं तर मात्र लिस्टमधलं काही जात नाही, यादी हे नाव पुसलं जातं. सगळ्या नोंदी घालवून रिकामी लिस्ट हवी असेल तर क्लिअर, जे पायथॉन ३.३ पासून आहे. आणखी एक विचित्र गोष्ट सांगून ठेवते: पायथॉनला ट्रू आणि १ सारखेच वाटतात. दोन्ही असलेल्या लिस्टमधून १ काढायला सांगितलं आणि ट्रू आधी असेल, तर ट्रू जातं.

नोटिसा छापताना तो मुलगा लिस्टच्या पुढून एकेक पॉप करतो. पुढून काढलं की दर वेळी मागचे सगळे सरकतात, त्यासाठी कलेक्शन्स मॉड्यूलमध्ये डेक नावाची वेगळी रचना २००४ पासून आहे, तिला दोन्ही टोकं सारखीच. मी त्याला सांगितलं आणि सोडून दिलं. काही हजार नोटिसांत प्रिंटरचाच वेळ जास्त जातो.

त्याची एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. त्याने मयत गाळण्याचं फंक्शन लिहिलं, आत लिस्ट कॉम्प्रिहेन्शन वापरली, अगदी मी शिकवल्याप्रमाणे. फंक्शन चालवलं आणि छापील यादीत पुन्हा सगळे मयत हजर. कारण फंक्शनच्या आत त्याने 'यादी' हे नाव नव्या लिस्टला दिलं. बाहेरचं 'यादी' हे नाव जुन्या लिस्टलाच धरून बसलेलं. पायथॉनमध्ये नाव म्हणजे डबा नाही, वस्तूकडे दाखवलेलं बोट आहे. आतलं बोट दुसरीकडे वळलं म्हणून बाहेरचं वळत नाही. एक तर फंक्शनने नवी लिस्ट परत द्यायची आणि बाहेर ती नावाला लावून घ्यायची, किंवा यादीपुढे तोच चौकटी कंस आणि कोलन लावून नवा मजकूर त्याच लिस्टमध्ये ओतायचा. मी परत देण्याच्या बाजूची आहे. कुठल्या फंक्शनने माझी लिस्ट आतल्या आत बदलली हे रात्री उशिरा शोधत बसण्याची मला हौस नाही.

दोनदा आलेली नावं काढायला बरेच जण लिस्टचा सेट करतात. दुबार जातात, पण क्रमही जातो, आणि घरनिहाय लावलेली मतदार यादी पत्त्यांसारखी पिसून सचिवांच्या हाती देता येत नाही. सभासद क्रमांक हीच किल्ली धरून डिक्शनरी करायची, पायथॉन ३.७ पासून डिक्शनरी आपण घातलेला क्रम राखते याची भाषेनेच हमी दिली आहे. दुबार जातात, क्रम राहतो.

या सगळ्यातून गेल्यावर पतसंस्थेच्या स्क्रिप्टमधून मी रिमूव्ह हा शब्दच काढून टाकला. आता तिथे एकाच फेरीत दोन लिस्ट तयार होतात: राहिलेले आणि वगळलेले. वगळलेल्या प्रत्येकापुढे कारण असतं, मयत, राजीनामा की दुबार, आणि शेवटी स्क्रिप्ट बेरीज ताडून बघते: राहिलेले अधिक वगळलेले बरोबर मूळ. जुळलं नाही तर फाइलच बनत नाही. यासाठी जास्तीची मेमरीही फारशी लागत नाही, कारण लिस्टमध्ये नोंदी स्वतः नसतात, त्यांचे पत्ते असतात; दुसऱ्या लिस्टमध्ये फक्त पत्ता जातो.

सचिवांना आधी ही दुसरी यादी म्हणजे कागदाची नासाडी वाटली. "गेलेल्यांची यादी कुणाला दाखवायचीय मॅडम?" मी म्हटलं, बोर्डावर लावू नका, हरकतींच्या टेबलावर ठेवा. हरकतींच्या मुदतीत एक गृहस्थ सायकलवरून आले. यादीत नाव नव्हतं. वगळलेल्यांत बघितलं तर नावापुढे 'मयत'. शेजारच्या ओळीचा शेरा क्लार्कच्या हातून यांच्या ओळीत पडला होता. गृहस्थ चिडले नाहीत, टेबलावर हात ठेवून म्हणाले, "बघून घ्या, अजून गरम आहे." तासाभरात दुरुस्ती झाली. प्रत्येकाचं असं तासाभरात भागत नाही. उत्तर प्रदेशात आझमगढच्या लाल बिहारी यांना सरकारी कागदांनी मृत ठरवलं होतं, आणि आपण जिवंत आहोत हे मान्य करून घ्यायला त्यांना १९९४ साल उजाडावं लागलं. तिथे पायथॉन नव्हतं, महसूल खात्याचं दप्तर होतं.

तुमच्या सोसायटीची, वाचनालयाची, पतसंस्थेची यादी कुणी संगणकावर गाळून देत असेल, तर त्याच्याकडे उरलेल्यांच्या यादीबरोबर वगळलेल्यांचीही यादी मागा, कारणांसकट. आणि स्क्रिप्ट तुमच्याच हातात असेल, तर आज तिच्यात फॉर लूपच्या पोटात रिमूव्ह कुठे बसलंय ते शोधून बघा.